मोलाचं काम कुणाच्या हाती

आमच्या घराण्याला वंशावळ नाही. आजूबाजूचे लोक सात-सात पिढ्यांची नावं घडाघडा सांगतात. आमची मोजणी पणजीपाशी थांबते. तिला आपल्या गावाचं नाव ठाऊक नव्हतं. आठवे ते एवढंच : आटलेली नदी, कुणा अनोळखी बाईचा घट्ट धरलेला हात आणि आगगाडीचा डबा. 1899-1900 साली गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला, तेव्हा पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनाने ज्या शेकडो निराधार मुली गोळा करून आणल्या त्यांत ती होती. वय सहा-सात असावं, असं अंदाजाने ठरलं. नाव तिथेच मिळालं, मराठी तिथेच शिकली आणि हातात कसब आलं तेही तिथेच. म्हणून मी म्हणते, आमचं घराणं एका कामाच्या जागी सुरू झालं.

ही हकिगत मी नीट ऐकली ती 1972च्या दुष्काळात. मी तेव्हा दौंडला शाळेत होते. रेशनवर तांबडी मिलो मिळे, शाळेत सुकडी वाटत आणि घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसलेल्या असत. पणजी ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत राही. तिला दया येत असेल असं मला वाटे. एक दिवस ती भलतंच बोलली.

“समद्यांना खडीच फोडायला लावलीया. त्यातल्या एकीला हजेरी लिहायला बसवली असती तर काय बिघडलं असतं?”

“त्यांना लिहिता येत नाही,” मी म्हटलं.

“मला तरी कुठं येत हुतं?”

त्या दिवसापासून ती मला मुक्ती सदनातल्या छापखान्याच्या गोष्टी सांगू लागली. पुढे आजीने मिरजेच्या हॉस्पिटलातल्या सांगितल्या, वडिलांनी त्यांच्या कचेरीतल्या. तिन्ही पिढ्यांच्या गोष्टी कामाच्या जागेवरच्या होत्या, आणि प्रत्येकीत कुणीतरी वरच्या जागी बसलेलं होतं. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तुमच्यात ज्याला मोठं व्हायचं असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावं असं शिकवलं, हे आम्ही देवळात ऐकत होतोच. ते रोजच्या कामात उतरलं म्हणजे कसं दिसतं, ते मात्र मला या तिघांनी दाखवलं.

पंडिता रमाबाईंचं चरित्र मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण कामाच्या जागी माणसं उभी करणारी बाई म्हणून आपण त्यांच्याकडे फारसं पाहिलेलं नाही. 1858चा जन्म. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर पायी हिंदुस्थानभर फिरल्या. 1878 साली कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1880मध्ये लग्न, 1882मध्ये वैधव्य, पदरात मुलगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडात वॉन्टेज इथे बाप्तिस्मा. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं.

केडगावची जमीन घेतली ती संस्थेला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून. पण 1896-97मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी स्वतः भूक सोसलेली ही बाई तिकडे गेली आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आली. पुण्यात प्लेग, एवढी माणसं शहरात ठेवणं शक्य नव्हतं. मुली केडगावच्या माळावर तंबू-झोपड्यांत राहिल्या आणि शेताचं वसतिस्थान झालं. तीन वर्षांनी गुजरातचा दुष्काळ आला तेव्हा मुक्तीतल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

माळरानावर दोन हजार बाया आणि मुली. कित्येक आजारी, कित्येक भुकेने सैरभैर झालेल्या, लिहितावाचता येणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. एवढा पसारा कुणी सांभाळायचा? बाहेरून माणसं आणायला पैसा नव्हता आणि केडगावला यायला माणसंही नव्हती. रमाबाईंनी आधीच्या दुष्काळातून आलेल्या मुलींकडे नव्या मुली सोपवल्या. तीन वर्षांपूर्वी जिला कुणी हाताने भरवलं होतं, ती आता दुसरीला भरवू लागली. जी पाटीवर अक्षरं गिरवत होती ती वर्गापुढे उभी राहिली. पणजीची देखभाल करणारी मुलगी तिच्यापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी होती. “ती मला नहायला घालायची नि सोताच रडायची,” पणजी सांगे. “तिला बी सोताची आई आठवायची. पर दुसऱ्या दिशी परत यायची.”

शेत, विहिरी, दुभती जनावरं, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, स्वयंपाक : सगळी खाती बायांची. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन होतं. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेलमधून वाचायला शिकवलं. आणि होता छापखाना.

पणजीला छापखान्यात घेतलं तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असेल. पहिलं काम खिळे परत खणात टाकण्याचं. छापून झालेला मजकूर धुवायचा, सोडवायचा आणि एकेक खिळा आपापल्या खणात टाकायचा. देवनागरीची केस इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी असते : अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, वेलांट्या आणि मात्रांचे खण वेगळे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. ‘प’ आणि ‘ष’ उलटे बघून ओळखायचे, तेही शिशाने काळवंडलेल्या बोटांत धरून. पणजीने मला राखेत काडीने उलटा ‘ष’ काढून दाखवला होता. साठ वर्षांनंतरही तिचा हात अडखळला नाही.

“हे काम कुणी बघत न्हाई,” ती म्हणाली. “मी खिळा चुकीच्या खणात टाकला, तर चूक माझी दिसायची न्हाई. दुसऱ्या दिशी जुळवणारीच्या ओळीत दिसायची. बोल तिला लागायचा.”

कामाच्या जागेवरच्या प्रामाणिकपणाविषयी मी पुढे पुष्कळ व्याख्यानं ऐकली, बँकेच्या प्रशिक्षणवर्गांत टिपणंही घेतली. पणजीच्या त्या चार वाक्यांत जे होतं ते कुठे सापडलं नाही. आपल्या हलगर्जीपणाचा भार शेजारणीवर पडतो, हे तिला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. खणांनी शिकवलं होतं.

मग तिला जुळणीला उभं केलं. जे जुळवायचं होतं ते साधंसुधं नव्हतं. रमाबाई त्या वर्षांत पवित्र शास्त्राचं नवं मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, थोडंफार वाचता येणाऱ्या बाईलाही कळावं असं मराठी त्यांना हवं होतं. 1912 साली नवा करार निघाला. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं काम, आणि त्याची जुळणी, छपाई, घड्या घालणं, बांधणी हे सगळं त्यांनी मुक्तीतल्या मुलींच्या हाती दिलं. मुंबई-पुण्यात तरबेज छापखाने होते. तिथे काम लवकर झालं असतं, चुका कमी झाल्या असत्या.

मला या गोष्टीचं मोल कळायला वेळ लागला. गरिबाला काम देणारे पुष्कळ असतात. पण देतात ते उरलेलं काम : झाडणं, वाहणं, फोडणं. ज्यात चुकलं तर आपलं काही अडत नाही असं. रमाबाईंनी ज्या मजकुरावर आपला जीव होता तोच मजकूर दुष्काळातून आलेल्या पोरींच्या बोटांत दिला. ज्यांच्यावर आजवर कुणी कसलाच भरवसा टाकला नव्हता, त्यांच्यावर त्यांनी देवाच्या शब्दाचा भरवसा टाकला. ख्रिस्ती माणसाने कामाच्या जागी पुढारपण करायचं तर कसं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात धडधडीत उत्तर हे आहे.

भरवसा टाकला म्हणजे मोकळं सोडलं असं नव्हे. प्रुफं रमाबाई स्वतः बघत. पणजी सांगे, पहिल्या प्रुफावर इतक्या खुणा होऊन आल्या की कागद पांढरा कमी आणि काळा जास्त दिसत होता. तिला वाटलं, आता आपल्याला काढतील. तिच्या वरच्या जुळवणारीने तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि एकेक खूण समजावली. दुरुस्त केलं, पुन्हा छाप काढला, पुन्हा खुणा आल्या. काढलं कुणालाच नाही. बाईंना कानाने कमी ऐकू येई. इंग्लंडात असतानाच त्यांच्या कानांनी दगा दिला होता आणि डॉक्टर होण्याचा बेत त्यापायी सोडावा लागला होता. म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर अगदी जवळ जावं लागे. “लांबून बोलायची सोयच न्हवती,” पणजी म्हणे. दोन हजारांचा कारभार हाकणाऱ्या बाईच्या इतक्या जवळ एक अनाथ पोर उभी राही, याचा तिला म्हातारपणीही अभिमान होता.

1921च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. पुढे संस्था ज्यांच्या हाती द्यायची ती मुलगीच आईआधी गेली. 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी त्यांनी देवाकडे प्रार्थना केली आणि काम संपताच झोपेत प्राण सोडला, असं मुक्तीच्या माणसांत सांगतात. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर आलं ते 1924 साली. दोन्ही माउल्या गेल्या तरी काम थांबलं नाही, कारण ते येणारे हात तयार होते. पणजी तोवर लग्न होऊन केडगावातच एका सुताराच्या घरी नांदत होती. घड्या घालायला आणि शिवायला ती जात राहिली. त्या शास्त्राची एक प्रत आमच्या घरी आहे. तिचे काही फर्मे पणजीच्या हातून गेले असतील. कोणते, ते तिलाही सांगता येत नसे.

हे सगळं सांगताना एक बाजू झाकून ठेवणं मला पटत नाही. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते, या वादावरून 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. ‘केसरी’ने झोड उठवली. दुष्काळातून आलेल्या मुलीला जिथे अन्न मिळालं तिथलाच धर्म मिळाला, तिची निवड किती तिची होती, हा प्रश्न आजही विचारतात. तो विचारण्याचा हक्क लोकांना आहे. मी पणजीला विचारला होता. ती म्हणाली, “मला निवडायला कुणी दुसरं आलंच न्हवतं.” मालकाच्या, साहेबाच्या, संस्थाचालकाच्या हाती अन्न असतं तेव्हा त्याच्या श्रद्धेचं वजन खालच्या माणसावर पडतंच. ज्याच्या हाती पगार आहे त्याने म्हणूनच तोंडाने कमी आणि वागण्याने जास्त बोलावं, एवढं मी त्यातून घेतलं.

दुसरी बाजू मिशनच्या कारभाराची. सेवकपणाचा उपदेश करणाऱ्या मिशनांत निर्णय पुष्कळदा गोऱ्या माणसांचे असत आणि देशी ख्रिस्ती माणूस कितीही थोर असला तरी मदतनीस. रमाबाईंनी हे फार लवकर ओळखलं होतं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवावं की नाही याचा निकाल हिंदुस्थानातले बिशप देऊ लागले, तेव्हा त्यांनी खडसावून पत्रं लिहिली. आपला विवेक त्यांनी कुणाच्या स्वाधीन केला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. देशी माणसाची भक्ती देशी माणसाच्याच पुढारपणाखाली फुलावी ही त्यांची तळमळ होती. ज्याला वरच्याचा हात डोक्यावर दाबून धरल्यासारखा वाटला आहे, त्याने स्वतः वर बसल्यावर ते विसरू नये. रमाबाई विसरल्या नाहीत, असं छापखान्यातल्या पोरीचं म्हणणं.

त्यांच्या कामाचं लोण ख्रिस्ती माणसांपुरतं राहिलं नाही, हेही सांगायला हवं. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. त्या आनंदीबाई म्हणजेच बाया कर्वे. कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी त्या दारोदार वर्गणी मागत फिरल्या. त्यांनी धर्म बदलला नाही. शिकलेली विधवा दुसरीला उभं करू शकते, हे मात्र त्यांनी शारदा सदनात डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पणजीची मुलगी, माझी आजी, 1930च्या आसपास मिरजेला नर्सिंग शिकायला गेली. मिरजेचं मिशन हॉस्पिटल विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टरने 1894 साली सुरू केलं. पटवर्धनांच्या संस्थानातलं गाव, रेल्वेचं जंक्शन; कर्नाटकापासून निजामाच्या मुलुखापर्यंतचे रोगी गाडीने येत. पुढे वानलेसना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि क्षयरोग्यांच्या रुग्णालयाभोवतीच्या वस्तीला लोकांनी वानलेसवाडी हे नाव दिलं. आजी गेली तेव्हा ते निवृत्त होऊन परतले होते, डॉक्टर व्हेल काम बघत होते. पण वानलेसांनी घालून दिलेली रीत चालू होती : शस्त्रक्रियेआधी प्रार्थना, आणि देशी मुलामुलींना शिकवून कामावर उभं करणं.

नर्सचं काम तेव्हा प्रतिष्ठेचं नव्हतं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं. उच्चवर्णीय घरं मुलींना तिकडे फिरकू देत नसत. वॉर्ड सांभाळले ते ख्रिस्ती मुलींनी, आणि त्यांतल्या पुष्कळ महार-मांग वस्त्यांतून आलेल्या कुटुंबांतल्या. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या हातात नाडी द्यावी लागत होती.

आजीची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ती शिकाऊ असताना एका रात्री वॉर्डात एक वयस्क बाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेलं. तिने आजीला विचारलं, “कोणाची गं तू?” आजी काय सांगणार? तिच्या आईलाच स्वतःचं कूळ ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “आई केडगावची.” बाईने ओळखायचं ते ओळखलं आणि पाण्याचा पेला तोंडाजवळून बाजूला सारला. हिच्या हातचं नको, दुसरी कुणी पाठवा.

आजी रडत वॉर्डाच्या सिस्टरांकडे गेली. मला दुसरीकडे टाका म्हणाली. सिस्टर उठल्या आणि तिला घेऊन त्या खाटेपाशी आल्या. बाईच्या उशाशी बसून त्या शांतपणे म्हणाल्या, “रात्रीच्या वेळी या वॉर्डाची जबाबदारी हिच्याकडे आहे. तुमची पट्टी हीच बदलेल, औषधही हीच देईल. दुसरं काही हवं असेल तर मी आहे.” मग त्यांनी खाटेखालचं बेडपॅन उचललं आणि स्वतः धुवायला घेऊन गेल्या. ते काम शिकाऊ मुलीचं होतं. पहाटेपर्यंत त्या खाटेचं बेडपॅन सिस्टरांनी काढलं आणि पट्टी आजीने बदलली.

त्या रुग्णबाईचं मन पुढे पालटलं का, हे आजीने कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं तरी ती हात झटकायची. तिच्या लेखी गोष्ट त्या बाईची नव्हतीच. वरच्या माणसाने हलकं काम स्वतःकडे घेतलं आणि मानाचं काम खालच्याकडे ठेवलं, एवढीच ती गोष्ट होती. आजी पुढे स्वतः सिस्टर झाली. तिच्या हाताखाली शिकलेल्या बाया आमच्याकडे नाताळला येत, आणि “सलाम सिस्टर” म्हणून करंज्यांच्या ताटासमोर बसल्या की त्यांच्याही तोंडून अशाच गोष्टी निघत. फक्त त्यांत बेडपॅन उचलणारी आजी असे.

पणजीचा छापखाना आणि आजीचं हॉस्पिटल या मिशनच्या जागा. तिथे सकाळची भक्ती होती, भिंतीवर वचनं होती. माझ्या वडिलांची नोकरी पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात. रोज दौंडहून शटलने जायचं, संध्याकाळी परत. अख्ख्या शाखेत ते एकटे ख्रिस्ती. हेडक्लार्क झाले तेव्हा त्यांच्या टेबलावर ना वचन होतं ना क्रूस. कचेरीत सत्यनारायण असे त्या दिवशी फोन आणि टपाल ते स्वतः सांभाळत, म्हणजे बाकीच्यांना निवांत बसता यावं. नाताळला फराळाचे डबे घेऊन जात. धर्माविषयी कचेरीत कधी बोलले नाहीत. अशा ठिकाणी ख्रिस्ती पुढारपण म्हणजे काय, हा प्रश्न मला खरं तर त्यांच्याकडे पाहून पडला.

त्यांच्या शाखेत एक शिपाई होता. दिवसा फायली वाहायचा, रात्रशाळेत जायचा. मॅट्रिक झाला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा आणायला पाठवलं. वडिलांनी त्याला बारनिशीवर बसवलं. आवक-जावक नीट जमू लागल्यावर त्याला टिपणी लिहायला शिकवलं : आधी विषय, मग मागचा संदर्भ, मग नियम, शेवटी प्रस्ताव. संध्याकाळी शटल सुटायच्या आधी अर्धा तास. “शिपायाकडून टिपण्या लिहून घेतात,” अशी कुजबुज झाली. साहेबांपर्यंत गेली. वडिलांनी सांगितलं, मसुदा त्याचा आहे, तपासून सही मी करतो.

आणि एकदा चुकलं. त्याने मांडलेल्या एका बिलात रक्कम जास्त पडली, वडिलांच्या नजरेतून सुटली आणि लेखापरीक्षणात आक्षेप आला. कुणी मांडलं, अशी विचारणा झाली. त्या माणसाची क्लार्कच्या जागेसाठीची शिफारस तेव्हा वर गेलेली होती. एका शेऱ्याने ती बुडाली असती. वडिलांनी उत्तरात लिहिलं, बिल माझ्या सहीने गेलं आहे, तपासणी माझी होती, खुलासा मी देत आहे. जादा गेलेली रक्कम रीतसर वसूल झाली, वडिलांच्या नोंदीत मात्र शेरा राहिला. त्या वर्षी त्यांना बढती मिळायची होती, ती पुढे ढकलली गेली.

आई चिडली. “दुसऱ्याच्या चुकीपायी आपण का भोगायचं?” वडील जेवत होते. ते म्हणाले, “मी त्याला काम दिलं तेव्हा त्याच्या चुकाही माझ्याकडे आल्या. काम त्याला आणि चूकही त्यालाच, असं कसं चालेल?” मग त्यांनी भाकरी मागितली आणि विषय संपला. तो शिपाई क्लार्क झाला आणि शेवटी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. हे पुढचं आम्हाला कळलं ते त्याच्याच तोंडून, वडील गेल्यावर. “त्यांनी आपल्या देवाचं नाव मला कधी सांगितलं नाही,” असं तो म्हणाला, “पण तो कसा असावा याची मला कल्पना आली.”

मी स्वतः बँकेत नोकरी केली, शाखा सांभाळली. तिजोरीच्या किल्ल्या, सहीचे अधिकार, पासवर्ड : कुणाच्या हाती काय द्यायचं याचा निर्णय रोज घ्यावा लागे. नियमपुस्तकात सगळं लिहिलेलं असतं. तरीही नियमाच्या चौकटीत राहून कुणाला वाढवायचं आणि कुणाला आहे तिथे ठेवायचं, हे वर बसलेल्या माणसाच्या मनावर असतं. नव्या मुलीला कर्जाचा प्रस्ताव तयार करायला द्यायचा की नुसत्या झेरॉक्स काढायला लावायचं? साहेब म्हणून आपण रोज अशी लहान लहान माणसं घडवतो किंवा खुंटवतो.

निवृत्तीनंतर आमच्या समाजाच्या एका-दोन संस्थांच्या समित्यांवर मला बोलावलं. तिथे जे पाहते त्याने जीव तुटतो. शाळा आहेत, दवाखाने आहेत, शंभर वर्षांच्या जमिनी आहेत, आणि त्यांच्या मालकीवरून भांडणं आहेत. खुर्चीसाठी निवडणुका लढवल्या जातात. सेवकपणाचे उतारे प्रत्येक सभेच्या सुरुवातीला वाचले जातात आणि सभा संपल्यावर किल्ल्या पुन्हा त्याच दोन-तीन खिशांत जातात. रमाबाईंच्या, वानलेसांच्या तसबिरींना हार घालणं सोपं आहे. त्यांनी आपलं सगळ्यात मोलाचं काम दुसऱ्याला शिकवलं आणि त्याच्या हाती सोपवलं, हे करणं अवघड आहे. कारण त्यात वेळ जातो, चुका होतात, त्या चुकांची सही आपल्याला करावी लागते, आणि शेवटी आपल्यावाचून काम चालू लागतं. हे शेवटचंच बहुतेकांना सोसत नाही.

म्हणून आता एखादी संस्था ख्रिस्ती नावाने चालते असं कुणी सांगितलं, की इमारत किती मजली, पाहुणे कोण येऊन गेले, हे मी विचारत नाही. फरशी पुसायला जी बाई येते, तिला किंवा तिच्या मुलीला इथे कुणी काही शिकवलं का? दहा-पंधरा वर्षांनी ती कुठल्या टेबलापाशी बसली? तिची पहिली चूक झाली तेव्हा उत्तर कुणी दिलं? समितीच्या बैठकीत मी हे प्रश्न विचारते तेव्हा काहींना राग येतो. येऊ दे. खडी फोडणाऱ्या बायांकडे बघत माझ्या पणजीने जे विचारलं होतं तेच मी विचारते आहे, आणि आमच्या संस्थांनी त्याचं उत्तर नावानिशी, टेबलानिशी द्यायला हवं.